पन्नासच्या खाली

ज्या कोणी हे गणित पहिल्यांदा पुस्तकात घातलं, त्याने आमचा छळ करायचा हे आधीच ठरवलेलं असणार. गणित असं: "तीन लागोपाठच्या पूर्णांकांची बेरीज पन्नासपेक्षा कमी आहे. तर असे मोठ्यात मोठे तीन पूर्णांक कोणते?" आता, बेरीज केली कुणी? यानेच ना? मग ती किती आली हे त्याला ठाऊक असणारच. ती सरळ सांगायची सोडून 'पन्नासपेक्षा कमी' एवढंच पुटपुटायचं आणि पुढचं निस्तरायला आम्हाला ठेवायचं, ही कुठली रीत?

हे माझं मत नव्हे. मी बी. ए. आहे, गणित घेऊन. असमता, म्हणजे गणितातलं कमी-जास्त, काय असतं हे मला कळतं, निदान तळोद्याला क्लास काढला तोपर्यंत कळत होतं. हे मत भिकाबापूंचं. पण वर्षभर तेच ते ऐकून आता माझंही थोडंसं तसंच झालं आहे.

तीन मोठी माणसं एकाच गणितासमोर वर्षभर बसवली की किस्से साठतातच. मित्रांना सांगायला लागलो की ते म्हणतात, "हा तू रचलास." मला रचता आलं असतं, तर मी ते गणितच नीट शिकवलं नसतं का?

*

आधी माणसं सांगतो, म्हणजे घोटाळा नको. घोटाळा पुढे भरपूर आहे.

शाळाखात्याने हुकूम काढला की बिनपरीक्षेच्या मास्तरांनी या वर्षी परीक्षा द्यावी, आणि तिच्यात बीजगणिताचा एक पेपर असावा. नापास होईल त्याची नोकरी जाणार. मी नुकताच पुण्याहून कॉलेज संपवून, खादी घालून, डोंगरात शिक्षणाची गंगा न्यायची असं ठरवून तळोद्याला आलो होतो. फुकट क्लास काढला. तिघे आले.

भिकाबापू तापीकाठच्या गावचे. घरची काळी जमीन, दोन बैलजोड्या, मास्तरकी केवळ मानासाठी. त्यांची नोकरी गेली असती तर त्यांच्या बैलांनासुद्धा कळलं नसतं. चुनीभाई नवापूरकडचे. बापाचं किराणा दुकान गावात चालू होतं, त्यामुळे त्यांचंही काही अडलं नव्हतं.

तिसरे दामजी वसावे. काठी गावाच्या अलीकडे डोंगरात एक पाडा आहे, तिथली शाळा त्यांची. त्यांच्याआधी सपाटीवरचे कितीतरी मास्तर तिथे नेमले गेले. कुणाला ताप आला, कुणाला भाषा कळेना, कुणी सामान न सोडताच परत फिरला. दामजी त्याच पाड्यातले, म्हणून टिकले. ते नापास झाले तर शाळेला कुलूप लागणार, हे खात्याने लेखी कळवलं होतं. त्यांच्यानंतर वर चढून जाणारं कुणी नव्हतं.

म्हणजे क्लास तिघांचा, पण परीक्षा खरी एकाचीच. आणि तो एकटाच कधी तक्रार करत नसे.

क्लास बाजाराच्या दिवशी असे. डोंगरातली माणसं चारोळी, डिंक घेऊन खाली उतरत, त्यांच्याबरोबर दामजी येत. शाळेच्या ओसरीवर फळा टेकवून मी उभा, समोर हे तिघे, आणि रस्त्यावरून जाणारा बाजार आम्हाला बघत असे.

*

पहिल्याच दिवशी 'लागोपाठ' या शब्दापाशी गाडी अडली.

मी म्हटलं, एकाच्या पाठीवर दुसरा, दुसऱ्याच्या पाठीवर तिसरा, मध्ये एकेकाचंच अंतर. उदाहरण सोपं असावं म्हणून भावंडांचं दिलं. धाकट्याचं वय क्ष, त्याच्या वरचा क्ष अधिक एक, त्याच्या वरचा क्ष अधिक दोन.

भिकाबापूंनी पगडी काढून मांडीवर ठेवली. हे त्यांचं हरकत घेण्याचं चिन्ह.

"दर सालले एक पोऱ्या? मास्तर, त्या मायले इसावा नको का?"

मी म्हटलं, बापू, हे गणितातलं घर आहे. ते म्हणाले, घर कुठलंही असो, बाई ती बाईच. चुनीभाईंनी मध्ये पडून तोड काढली: पहिली बाई वारली, दुसरी केली, म्हणून चालेल. त्यावर बापूंनी विचारलं की मग क्ष कुणाचा, पहिलीचा की दुसरीचा?

दामजी इतका वेळ दोघांचं ऐकत होते. ते मराठी शाळेत शिकलेले, म्हणून अगदी जपून, पुस्तकातल्यासारखं बोलत. ते म्हणाले, "गुरुजी, आमच्याकडे वय कुणी मोजत नाही. थोरला बकऱ्या राखतो, मधला लाकडं आणतो, धाकटा घरी असतो. थोरला कोण ते दिसतं. किती थोरला, ते दिसत नाही."

मी फळा पुसला. त्या दिवशी कुणालाही काही समजलं नाही. मला मात्र पुढच्या बाजारापर्यंत एकच विचार छळत होता, की या माणसाला थोरलं-धाकटं कळतं आणि किती ते लागत नाही. मग असमता याला कळायला हवी, की आधीच कळलेली आहे? आणि कळलेली असेल तर मी नेमकं काय शिकवतोय?

*

भावंडं सोडून दिली. सरळ आकडे घेतले. क्ष, क्ष अधिक एक, क्ष अधिक दोन. बेरीज तीन क्ष अधिक तीन. ती पन्नासपेक्षा कमी. म्हणून तीन क्ष सत्तेचाळीसपेक्षा कमी. म्हणून क्ष हा पंधरा पूर्णांक दोन तृतीयांशपेक्षा कमी.

इथपर्यंत तिघेही माझ्यामागून आले. मला वाटलं, जिंकलो.

"म्हणजे सोळा," चुनीभाई म्हणाले. "दोन तृतीयांश तो अर्ध्याच्या वर झालं ना. दुकानात आम्ही बराबर वरच धरतो."

सोळा, सतरा, अठरा. बेरीज करायला लावली. एक्कावन्न आली. चुनीभाई फळ्याकडे बघत राहिले, जणू फळ्यानेच वजनात मारलं.

मी ठासून सांगितलं: अपूर्णांक आला की खालचा आकडा घ्यायचा. पंधरा, सोळा, सतरा. अठ्ठेचाळीस. तिघांनी पाठ केलं. मी खूश झालो, आणि त्या खुशीत पुढचं गणित घातलं: बेरीज निदान पन्नास तरी हवी, तर लहानात लहान तीन कोणते?

तिघांनीही खालचा आकडा घेतला. पंधरा. बेरीज पुन्हा अठ्ठेचाळीस.

"आता वरचा घ्यायचा," मी म्हणालो.

आजवर मी खूप लोकांना निराश केलं असेल, पण इतक्या शांतपणे माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.

*

भिकाबापूंना हे शेवटी समजलं, पण त्याचं श्रेय मला नाही.

त्यांनी सुताराकडून धान्याची चौरस लाकडी कोठी करून घ्यायचं ठरवलं. घरातल्या आतल्या खोलीत ती जायची होती. ओसरीवरचं दार हाताने मापलं, दोन हातांच्या वर, तीनला दोन बोटं कमी. सुताराने विचारलं, किती रुंद करू? बापूंच्या डोक्यात क्लास ताजा होता. पण कुठला भाग ताजा होता, ते बघा.

"वरचा आकडा घे," त्यांनी सांगितलं. "तीन हात."

कोठी सुरेख झाली. चार गड्यांनी उचलून दारात रेटली आणि ती तिथेच अडकली. पुढे जाईना. मागे घ्यायला गेले तर चौकट हलायला लागली. आडवी करावी तर चौरसच, कशीही फिरवली तरी तीच. घरातली सगळी बायकामाणसं मागच्या दाराने ये-जा करू लागली. पाहुणे आले की बापू त्यांना कोठीसमोर ओसरीवरच बसवत आणि ती तिथेच ठेवायची होती, असं सांगत.

पुढच्या बाजाराला ते आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "मास्तर, ध्यानमां उनं. दारमातीन जावानं ऱ्हायनं ते खालला आकडा. हिरमातीन पानी काढानं ऱ्हायनं ते दोर वरला आकडाना."

म्हणजे दारातून न्यायचं असेल तर खालचा, विहिरीतून पाणी काढायचं असेल तर वरचा. मी हे जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. कॉलेजात मला हे कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. चुनीभाईंनाही पटलं. दामजींनी फक्त विचारलं, "गुरुजी, प्रश्नात दार आहे की विहीर, ते कसं ओळखायचं?"

मी पुढचं गणित घातलं.

*

मग आला उलटा प्रकार.

विसातून एक पूर्णांक वजा केला तर पाचपेक्षा जास्त उरतात. म्हणजे उणे क्ष हा उणे पंधरापेक्षा मोठा. दोन्ही बाजूंची चिन्हं बदलली की मधलं चिन्ह फिरतं, आणि क्ष पंधरापेक्षा लहान होतो. का फिरतं, हे सांगायला मी गाड्या घेतल्या. तळोद्याहून नंदुरबारला दोन बैलगाड्या निघाल्या. बापूंची पुढे, चुनीभाईंची मागे. वाटेत दोघेही जागच्या जागी उलटे फिरले आणि तळोद्याकडे तोंड केलं. आता पुढे कोण?

"मी," बापू म्हणाले.

मी म्हटलं, नाही बापू, आता चुनीभाई पुढे.

"मन्हा बैल कोन्हाना मांगे चालतस नहीं."

मी समजावलं की बैल कसेही असोत, तोंड फिरवलं की पुढचा मागे होतो. बापू म्हणाले, घटकाभर होईल, पण पहिल्या वळणावर त्यांचे बैल चुनीभाईंची गाडी ओलांडून पुढे येतील, तळोद्यात कुणालाही विचारा. चुनीभाईंना हे लागलं. त्यांच्याकडे तर गाडीच नव्हती, पण तरी लागलं. वाद बैलांच्या जातीवर गेला, तिथून चाऱ्यावर गेला. रस्त्यावरचे दोघेतिघे ओसरीवर येऊन बसले आणि बापूंच्या बाजूने बोलू लागले.

शेवटी मी वैतागून म्हटलं, "चिन्ह फिरतं. बापूंचे बैल नसले तर फिरतं."

सराव परीक्षेत चुनीभाईंचं उत्तर अगदी बरोबर आलं. प्रत्येक पायरी स्वच्छ. फक्त जिथे चिन्ह बदललं होतं तिथे समासात लिहिलं होतं: 'येथे बापूंचे बैल नाहीत, म्हणून चिन्ह फिरले.'

मी पुरे गुण दिले. काय करणार?

*

परीक्षा जवळ आली आणि दामजी दोन बाजार आलेच नाहीत. मी चिडलो. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तोच गायब! काठीकडची मंडळी होळीच्या तयारीत होती, म्हणून हेही त्यातच रमले असतील, असं धरून मी डोंगर चढून त्यांच्या पाड्यावर गेलो. त्यांना चांगलं सुनवायचं असं वाटेत ठरवलंही होतं.

शाळा म्हणजे कुडाची झोपडी. तिच्यात दोन मुलं बसलेली, मास्तर नाहीत. ऊन चांगलं वर आलं होतं. मी विचारलं तर मुलांनी समोरच्या टेकडीकडे बोट दाखवलं. तिथल्या घरांची एकमेकांशी लगट नाही. हे घर या उतारावर, ते घर त्या. दामजी प्रत्येक घरी जाऊन मूल घेऊन येत होते. होळीमुळे कुणी मोराची पिसं गोळा करायला गेलेलं, कुणी डफाजवळ बसलेलं, त्यामुळे रोजच्यापेक्षा उशीर होत होता. दोन बाजार त्यांना खाली उतरायला जमलं नव्हतं ते याचसाठी.

मी म्हटलं, दामजीभाऊ, आली तेवढ्यांना घेऊन सुरू करा ना. परीक्षा तोंडावर आली. तुमचा अभ्यास कधी होणार?

त्यांना माझं म्हणणं कळलं नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "सगळी आल्याशिवाय शाळा कशी होईल, गुरुजी?"

आणि ते शेवटच्या घराकडे निघाले. मी त्यांच्यामागून ती टेकडी चढलो आणि वाटभर त्यांना पुन्हा एकदा दार आणि विहीर समजावलं. ते ऐकत होते की मुलाला शोधत होते, ते मला सांगता येणार नाही.

*

आता परीक्षेचं सांगतो.

पेपर घ्यायला शाळा तपासणारे डेप्युटीसाहेब स्वतः आले. माणूस भला. त्यांना वर खात्याला अहवाल द्यायचा होता आणि डोंगरातल्या मास्तरांवर अन्याय झाला असं कुणी म्हणू नये, याची त्यांना काळजी होती. म्हणून सुरुवातीलाच त्यांनी जाहीर केलं की वेळेचं बंधन नाही, पुरं होईल तेव्हा उत्तर द्यावं. फक्त कागद जपून वापरावा. लढाई चालू होती, कागद मिळत नव्हता. बीजगणिताचा प्रश्न एकच होता, तो त्यांनी स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहिला:

'ज्यांची बेरीज तीसपेक्षा कमी आहे, असे सर्व तीन-तीन लागोपाठचे पूर्णांक लिहा.'

मी खिडकीतून वाचलं आणि मला बरं वाटलं. सोपा होता. क्ष नऊपेक्षा कमी, म्हणजे आठपासून खाली. मी ओसरीवर येऊन बसलो.

सगळ्यांत आधी भिकाबापू बाहेर आले. मी विचारलं, काय लिहिलंत? ते म्हणाले, क्ष नऊपेक्षा कमी, असं काढून दाखवलं आणि खाली लिहिलं, असे पुष्कळ आहेत. साहेबांनी त्यांना पास केलं. मग चुनीभाई आले. त्यांनी आठ, नऊ, दहापासून उतरत एक, दोन, तीनपर्यंत सगळे लिहिले होते आणि खाली दुकानातल्यासारखी रेघ मारून हिशेब बंद केला होता. तेही पास.

दामजी आत लिहीत होते.

उन्हं कलू लागली. साहेबांची नंदुरबारला जाणारी मोटर फाटकाशी येऊन उभी राहिली. ड्रायव्हरने एकदा भोंगा वाजवला. साहेबांनी मला विचारलं, तुमचा उमेदवार इतका वेळ करतोय काय? मी खिडकीशी गेलो. दामजींच्या बाकावर कागद पसरले होते. अक्षर सुरेख, एकाखाली एक ओळ. शून्य केव्हाच मागे पडलं होतं. आता सगळीकडे उणे होते. ते हळू, जपून, एकही न गाळता खाली खाली जात होते.

मी येऊन सांगितलं. साहेब उठून फळ्यापाशी गेले, आपलंच वाक्य त्यांनी वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"मी पूर्णांक लिहिलं?"

"हो."

"आणि सर्व?"

"हो, साहेब."

"मग हा थांबणार कुठे?"

पूर्णांकांत उणेही आले, आणि उण्यांना तळ नाही, एवढंच बी. ए. झालेल्या, गणित घेतलेल्या मला सांगता आलं. याला शेवट नाही हे दामजींना ठाऊक होतं की नव्हतं, ते मात्र सांगता आलं नाही. दामजींसोबत त्यांच्या पाड्याची जी मंडळी आली होती, ती झाडाखाली बसून वाट बघत होती. त्यांना एवढंच माहीत होतं की आत शाळेचा निकाल लागतो आहे.

ड्रायव्हरने पुन्हा भोंगा वाजवला. साहेबांनी उभ्याउभ्या अहवालावर दामजी वसावे यांच्यापुढे 'उत्तीर्ण' लिहिलं, सही केली, आणि गोविंदा शिपायाला बोलावलं. हा गोविंदा खात्याचा जुना माणूस, सबंध दिवस ओसरीवर पाण्याच्या माठापाशी बसून होता. साहेब त्याला म्हणाले, आत जा. सांग, पास झालात, शाळा चालू राहणार, आता कागद द्या आणि घरी जा.

गोविंदा गेला. आम्ही दाराकडे बघत राहिलो. झाडाखालची मंडळीही उठून उभी राहिली. थोड्या वेळाने गोविंदा हात हलवत परत आला.

"सायेब, सांगं मी त्याले. तो म्हणस, बरं व्हयनं." त्याने एकदा मागे वळून पाहिलं. "पन आखो दोन कागद मांगी ऱ्हायना."